ठाण्याच्या टेबलावरची पहिली वीस मिनिटं

पोलीस दलात भरती झाल्यावर मूळ प्रशिक्षणात आम्हाला कौटुंबिक हिंसाचार शिकवला तो कलमांच्या रूपात. भारतीय दंड संहितेचं ४९८अ (नवऱ्याची किंवा सासरच्यांची क्रूरता), ३०४ब (हुंडाबळी), १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. पाठ केलं, पेपर लिहिला, विषय संपला. प्रत्यक्ष काम शिकले ते ठाण्यात, जुन्या हवालदारांच्या शेजारी बसून. बाई रडत आली की आधी पाणी द्यायचं, नवऱ्याला फोन करून बोलावून घ्यायचं, दोघांना समोरासमोर बसवायचं. त्याला चार शब्द सुनवायचे, तिला चार समजुतीचे सांगायचे. नाहीच पटलं तर मारहाण-शिवीगाळ-धमकीच्या ३२३, ५०४, ५०६ ची एनसी घ्यायची, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही अशी अदखलपात्र नोंद, आणि ‘न्यायालयात दाद मागण्याची समज दिली’ असं लिहून तिला घरी पाठवायचं. यात कुणाचा वाईट हेतू नसायचा. पोरंबाळं आहेत, घर मोडायला नको, एवढाच विचार.

पुढे काही वर्षांनी ठाणे अंमलदार, बीट अंमलदार आणि तपासी अंमलदारांसाठी जिल्हा मुख्यालयात या विषयाचं खास प्रशिक्षण लागलं आणि यादीत माझंही नाव आलं. नवीन कायदे आलेत म्हणून नवीन कलमं सांगतील, असंच सगळ्यांना वाटलं होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, ४९८अ ची जागा ८५ आणि ८६ ने घेतली, हुंडाबळीचं ३०४ब जाऊन ८० आलं. हे सगळं पहिल्या सत्रातच उरकलं. उरलेलं जवळपास सगळं प्रशिक्षण बाई ठाण्याच्या दारातून आत येते तिथपासूनच्या पहिल्या वीस मिनिटांवर होतं.

शिकवायला एक महिला वकील होत्या, सरकारी रुग्णालयातल्या एक डॉक्टर होत्या आणि महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षात अनेक वर्षं काम केलेल्या एक ताई होत्या. हा विशेष कक्ष म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलिसांनी मिळून १९८४ साली सुरू केलेलं काम. पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसते आणि बाईच्या बाजूने काम करते. पुढे ते राज्यभर गेलं. ताईंनी ठाण्यातलं कामकाज आमच्याइतकंच जवळून पाहिलेलं होतं, त्यामुळे त्यांच्यासमोर ‘मॅडम, प्रॅक्टिकलमध्ये असं नसतं’ म्हणायची सोय कुणालाच नव्हती.

त्यांनी सभागृहात एक ठाणंच उभं केलं. टेबल, खुर्ची, समोर बाकडं. एका हवालदाराला ठाणे अंमलदार केलं आणि दुसऱ्या एका अंगापिंडाने दांडग्या हवालदाराला सांगितलं, ‘तुम्ही बाई.’ त्याच्या हातात घडी घातलेली चिठ्ठी दिली. त्यात त्या बाईची सगळी हकीकत होती, पण अट अशी की विचारलं तेवढंच सांगायचं आणि सांगावंसं वाटलं तरच सांगायचं. मग खेळ सुरू झाला. नाव काय, राहायला कुठे, नवरा काय करतो, लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती, दारू पितो का, भांडण कशावरून झालं. मधे फोन वाजवला गेला, अंमलदाराने तो घेतला आणि लिहिता लिहिता मान न वर करता म्हणाला, ‘बोला, ऐकतोय मी.’ शेवटी एनसी तयार झाली.

मग ताईंनी त्या हवालदाराला चिठ्ठी मोठ्याने वाचायला सांगितली. आदल्या रात्री नवऱ्याने दोन्ही हातांनी गळा दाबला होता. बाईला तिसरा महिना होता. यातलं काहीही एनसीत नव्हतं. ‘मी कधी विचारतील याची वाट बघत होतो,’ तो हवालदार म्हणाला, ‘पण तो फोन आला आणि वाटलं, जाऊ दे.’ एक-दोघं हसले, मग कुणी हसलं नाही. नोकरीत एवढी वर्षं काढलेला माणूस पाच मिनिटं त्या बाकड्यावर बसला आणि ‘जाऊ दे’वर आला. खरी बाई तर घरातून निघतानाच अर्धी ‘जाऊ दे’वर आलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ च्या पाहणीत, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितल्याचं दिसलं. त्यातही बहुतेकींनी मागितली ती माहेरच्यांकडे. ठाण्यापर्यंत पोचणारी फारच थोडी. जी पोचली तिने त्याआधी किती वेळा पायरीवरून परत फिरण्याचा विचार केला असेल, हे आम्हाला एफआयआरमध्ये कधी दिसत नाही.

गळा दाबण्यावर डॉक्टर मॅडमनी पूर्ण सत्र घेतलं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं. आमच्याकडे जखम म्हणजे टाके, फ्रॅक्चर, काळंनिळं. गळा दाबला आणि खूण नसेल तर ते ‘मारहाण केली’ या दोन शब्दांत बसून जातं. त्यांनी अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहराच्या पोलीस प्रकरणांचा अभ्यास सांगितला. गळा दाबल्याच्या ३०० प्रकरणांत सुमारे निम्म्या बायकांच्या गळ्यावर डोळ्यांना दिसेल अशी कोणतीही खूण नव्हती. म्हणजे ‘गळ्यावर काही नाही’ एवढं लिहून थांबलं तर निम्म्या जणींच्या बाबतीत खोटं चित्र उभं राहतं. मग काय बघायचं? आवाज बसलाय का, गिळताना दुखतंय का, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात किंवा पापणीच्या आतल्या बाजूला रक्ताचे बारीक लाल ठिपके आहेत का, डोळ्यापुढे अंधारी आली होती का, शुद्ध गेली होती का, कपड्यात लघवी झाली होती का. हा शेवटचा प्रश्न विचारायला आम्हाला जड गेलं. पण मॅडमनी सांगितलं की बाई स्वतःहून हे कधीच सांगणार नाही आणि तिचा जीव किती जवळून वाचला याची तीच सगळ्यात मोठी खूण असते. शिवाय गळ्यातल्या रक्तवाहिनीला आतून इजा झाली असेल तर त्रास काही तासांनी, कधी काही दिवसांनीही होऊ शकतो. म्हणून खूण असो-नसो, मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठी डॉक्टरांना लिहायचं पोलिसांचं पत्र, देऊन तिला दवाखान्यात पाठवायचंच आणि यादीत ‘गळा दाबल्याचे सांगते’ हे स्पष्ट लिहायचं. नाहीतर रात्रपाळीचा डॉक्टर हातावरचा ओरखडा बघून मोकळा होतो.

धोक्याचा अंदाज कसा घ्यायचा तेही इथेच शिकवलं. जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकन परिचारिका आणि संशोधक. १९८० च्या दशकात त्यांनी, जोडीदाराकडून जीव जाण्याचा धोका ओळखण्यासाठी प्रश्नांची एक यादी तयार केली. ज्या बाईचा गळा आधी एकदा दाबला गेलाय, तिचा पुढे त्याच माणसाकडून खून होण्याचा धोका सातपटीहून जास्त असतो, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. आम्हाला ती यादी जशीच्या तशी पाठ करायला लावली नाही. त्यातलं सार वहीत लिहून घ्यायला सांगितलं. मारहाण अलीकडे वाढलीय का? हत्यार दाखवलं का? ‘मारून टाकीन’ किंवा ‘मी मरेन’ म्हणतो का? गरोदरपणी मारलं का? सतत संशय घेतो, पाठलाग करतो का? आणि सगळ्यात शेवटी, ‘तुम्ही घर सोडून निघालात का, किंवा सोडणार असं त्याला सांगितलंय का?’

या प्रश्नावर माझं सगळं आधीचं गणित उलटलं. बाई माहेरी निघून गेली की आम्ही प्रकरण शांत झालं असं समजायचो. ताईंनी सांगितलं की ती निघते तेव्हाच धोका सगळ्यात वाढतो, कारण ती हातातून सुटतेय हे त्याला तेव्हा कळतं. आणि आपण काय करतो? नेमकं त्याच दिवशी त्याला फोन करून सांगतो की तुमची मिसेस ठाण्यात आलीय, या. ती कुठे आहे, कुणाबरोबर आहे, काय बोललीय, सगळं त्याला आपल्याच तोंडून कळतं. समोरासमोर बसवल्यावर ती त्याच्यादेखत काय बोलणार? तिला रात्री त्याच घरात जायचंय.

जबाब लिहिण्याचा सराव सगळ्यात कंटाळवाणा वाटेल असं मला वाटलं होतं, पण त्यात माझा सर्वाधिक वेळ गेला आणि जावा अशीच ती गोष्ट आहे. एका बाईचं ध्वनिमुद्रित बोलणं, नाव-गाव काढून, सगळ्यांना ऐकवलं आणि प्रत्येकाला जबाब लिहायला सांगितला. मग सगळे जबाब एकापाठोपाठ वाचले. जवळपास प्रत्येकात एकच वाक्य: ‘घरगुती किरकोळ कारणावरून शिवीगाळ, दमदाटी करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली.’ हे वाक्य आम्हाला झोपेतही लिहिता येतं. त्या बाईने मात्र सांगितलं होतं की भाजीत मीठ कमी पडलं म्हणून त्याने ताट फेकलं, केस धरून न्हाणीघरात ओढत नेलं, आतून कडी लावली, मोबाइल बादलीतल्या पाण्यात टाकला, आणि मोठी मुलगी दार वाजवत होती. वकील मॅडमनी फळ्यावर दोन्ही बाजूबाजूला मांडलं. आमच्या वाक्यावर न्याय संहितेच्या ११५(२) ची, साध्या मारहाणीची, अदखलपात्र नोंद होते. तिच्या सांगण्यात बेकायदा कोंडून ठेवणं आहे, मोबाइल निकामी करणं आहे, क्रूरता आहे, एक साक्षीदार मुलगी आहे, आणि न्हाणीघराला आतून लावायची कडी आहे जी पंचनाम्यात यायला हवी. एकही गुन्हा दखलपात्र निघाला तर सगळं प्रकरणच दखलपात्र धरून तपास करायचा असतो. आणि कोर्टात दोन-चार वर्षांनी बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न विचारणार तो असा, की बाई, हे सगळं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं तर फिर्यादीत का नाही? ती बिचारी सांगते, ‘सांगितलं होतं.’ कागदावर नसलं की ती खोटी ठरते.

शब्द तिचे असू द्या, क्रम तिला आठवेल तसा असू द्या, मागे-पुढे झालं तर झालं, तारीख आठवत नसेल तर ‘दिवाळीच्या आधी’, ‘धाकट्याला ताप आला होता तेव्हा’ असंही चालतं, असं सांगितलं. ‘इतकी वर्षं का थांबलात?’ हा प्रश्न मात्र पूर्ण बंद. त्या प्रश्नाचं उत्तर तपासाला लागत नाही आणि तो ऐकल्यावर पुढचं कुणी बोलत नाही. मोबाइलवरचे धमकीचे मेसेज आणि व्हॉइस नोट डिलीट करू नका असं पहिल्याच भेटीत तिला सांगायचं, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडून ते पुरावा म्हणून देता येतात.

कायद्याच्या सत्रात दोन गैरसमज निघाले. पहिला, ४९८अ म्हणजे हुंडा. तसं नाही. हुंड्याची मागणी हा क्रूरतेचा एक प्रकार. पण बाईला आत्महत्येकडे ढकलेल किंवा तिच्या जिवाला, शरीराला, मनाच्या आरोग्याला गंभीर धोका होईल असं वागणं, मागणी एक रुपयाची नसली तरी, त्याच कलमात येतं. दुसरा, २००५ चा कायदा दिवाणी आहे म्हणून पोलिसांचा त्याच्याशी संबंध नाही. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि त्याचं कलम ५ पोलीस अधिकाऱ्याचं नाव घेऊन सांगतं की तक्रार घेऊन आलेल्या बाईला तिचे हक्क सांगायचे. संरक्षण आदेश, निवास आदेश, पोटगी, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई मागता येते. या कायद्याखाली बाईच्या मदतीसाठी नेमलेला संरक्षण अधिकारी कोण. मोफत वकील मिळतो. आणि यासोबत फौजदारी तक्रारही करता येते. ‘सांगायचे’ म्हणजे सांगायचेच, आपल्या मर्जीवर नाही. शारीरिक मारहाणीबरोबर लैंगिक, मानसिक आणि आर्थिक छळही त्यात मोडतो. पगार काढून घेणं, घरखर्च बंद करणं, स्त्रीधन विकणं हे आमच्याकडे ‘घरातलं’ म्हणून वगळलं जातं, ते कायद्याने हिंसाचार आहे. आणि मॅजिस्ट्रेटचा संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा. एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून सुनेला राहायचा हक्क नाही, हे तर ठाण्यात सर्रास सांगितलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच सतीश चंदर आहुजा प्रकरणात ते मोडीत काढलंय.

खोट्या केसेसचा विषय निघणार होताच. एका सहकाऱ्याने अर्नेश कुमार निकालाचं नाव घेतलं, २०१४ चा. सगळेच सरसावून बसले. वकील मॅडम शांतपणे म्हणाल्या, तो निकाल अटकेबद्दल आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आपोआप अटक करू नका, गरज आहे का ते तपासा, कारणं लिहा, नोटीस द्या. गुन्हा दाखल करू नका असं त्यात कुठेही नाही. ललिता कुमारी निकालाने २०१३ मध्ये वैवाहिक वादात प्राथमिक चौकशीची मुभा दिली, पण ती दखलपात्र गुन्हा दिसतो का एवढंच बघण्यापुरती आणि ठरावीक मुदतीत. महिनोन्‌महिने दोघांना तारखा देत बसण्याची ती परवानगी नव्हे. खरं-खोटं तपासात ठरेल. टेबलावर ते ठरवायचा अधिकार आपल्याला नाही. मला हे पटलं, आणि आमच्यातल्या सगळ्यांना पटलं असं मी म्हणणार नाही.

११२ चा कॉल आल्यावर घरी जाण्याचा भाग थोडक्यात झाला, बीटवाल्यांना त्यातलं बरंच येत होतं. दारात क्षणभर थांबून आतला आवाज ऐका, शेजाऱ्याने फोन केला असेल तर त्याचं नाव चुकूनही घेऊ नका, दोघांना एकमेकांच्या नजरेआड आणि कानाआड करा, स्वयंपाकघरात कुणाला जाऊ देऊ नका कारण सुऱ्या तिथेच असतात. त्याच्या हातावर नखांचे ओरखडे दिसले म्हणून ‘दोघांनीही मारलं’ असं लिहून मोकळं होऊ नका. गळा दाबणाऱ्याचे हात सोडवताना तसे ओरखडे उमटतात.

सगळ्यात अवघड सत्र वेगळंच होतं. ताईंनी विचारलं, कॉलचा पत्ता पोलीस लाइनचा असेल तर? सभागृहात चुळबुळ झाली. प्रत्येकाला एखादं तरी घर माहीत होतं. तिचा नवरा आपल्याच ठाण्यात आहे, ठाणे अंमलदार त्याच्या बॅचचा आहे, तिने कुठे जायचं? अशा वेळी तक्रार वरिष्ठांकडे किंवा दुसऱ्या ठाण्यात घेता येते, हद्द न बघता शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून योग्य ठाण्याकडे वर्ग करता येतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही होत नाही, हेही ठाऊक होतं. त्यावर बोलताना एक हवालदार उठून बाहेर गेला. कुणी काही म्हटलं नाही, ताईंनीही नाही. आमच्या खात्यात या प्रश्नावर उघडपणे बोलायची जागा तेवढ्यापुरती तरी तयार झाली, याचं मला मोल वाटतं.

परत आल्यावर माझ्या टेबलाच्या खणात काही गोष्टी कायमच्या आल्या. संरक्षण अधिकाऱ्याचा आणि हिंसाचार सोसलेल्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राचा, सखी वन स्टॉप सेंटरचा, नंबर, कारण तिथे पाच दिवसांपर्यंत तात्पुरता आसरा मिळतो. घरगुती घटना अहवालाचे, म्हणजे २००५ च्या कायद्याखाली हिंसाचाराची हकीकत मॅजिस्ट्रेटला कळवायच्या अहवालाचे, कोरे नमुने. धोक्याच्या प्रश्नांचा कागद. आणि हक्कांची माहिती छापलेलं एक पान, जे मी वाचून दाखवते. हातात देण्याआधी विचारते, कारण घरी तो कागद सापडला तर तिला मार बसू शकतो.

एक बाई आली होती, मध्यम वयाची, नीटनेटकी, आवाज घोगरा. सर्दी झालीय म्हणाली. तक्रार द्यायची नव्हती, फक्त ‘विचारायचं’ होतं. मी तिला आतल्या खोलीत नेलं, फोन बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘ताई, गळ्याला कुणी हात लावला होता का?’ ती बराच वेळ काही बोलली नाही, मग पदर थोडा सारला. खूण काही नव्हती. पण अंधारी आली होती, आणि त्यानंतरचं तिला आठवत नव्हतं. दवाखान्यात जायला तयार झाली, गुन्हा दाखल करायला नाही. मी नवऱ्याला फोन केला नाही. तिने सांगितलं ते सगळं स्टेशन डायरीला घेतलं, दवाखान्याची यादी दिली, संरक्षण अधिकाऱ्यांशी तिचं बोलणं करून दिलं, कपड्यांची पिशवी, कागदपत्रं आणि मुलांचे दाखले बहिणीकडे आधीच नेऊन ठेवायला सांगितलं. गुन्हा दाखल झाला नाही म्हणून माझ्या कामाच्या आकड्यांत हे कुठेच दिसणार नाही. काही आठवड्यांनी ती बहिणीला घेऊन आली आणि फिर्याद दिली. त्या दिवशी डायरीतली नोंद आणि दवाखान्याचे कागद तयार होते.

या प्रशिक्षणाबद्दल माझी एकच तक्रार आहे. आमच्या तुकडीत महिला अंमलदारच जास्त होत्या, कारण ‘बायकांचा विषय’ म्हणून नावं तशीच गेली होती. पण रात्री ठाण्याच्या टेबलावर बहुतेक वेळा पुरुष अंमलदार असतो आणि बायका यायच्या त्या रात्रीच येतात. महिला अंमलदाराला बोलावून घेईपर्यंतचा वेळ त्याच्याच हातात असतो. पुढच्या तुकडीत रात्रपाळीचे ठाणे अंमलदार पाठवावेत आणि बदली होऊन येणाऱ्या प्रत्येकाला हे प्रशिक्षण पहिल्याच महिन्यात द्यावं, असं मी वरिष्ठांना लेखी दिलं आहे. आमच्या ठाण्यातले दोघे आता यादीत आहेत.